पालकाने समक्ष यावे

शिकायचं असेल तर पैसे द्यावे लागतात, ही गोष्ट पणसाहेबांना लहानपणीच पटली होती, आणि पणसाहेबांना पटलेल्या गोष्टी जगात फार थोड्या. त्यामुळे प्राणिसंग्रहालय आपल्या लेकीला तीन महिने काम शिकवणार आणि वर दरमहा तिलाच पैसे देणार, असं पत्र घरात आलं तेव्हा त्यांनी ते आधी उजेडाकडे धरलं, मग पालथं करून बघितलं आणि मग बायकोला म्हणाले, “पण का?”

त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण ते आता फक्त वीजबिलावर उरलं होतं. तोंड उघडलं की पहिला शब्द ‘पण’, म्हणून ऑफिसात कुणीतरी ‘पणसाहेब’ म्हणालं, आणि तेच नाव त्यांच्या मागोमाग बिल्डिंगीत राहायला आलं. विमा कंपनीत त्यांचं काम दावे तपासायचं. दुकान जळालं म्हणून माणूस रडत समोर बसला की हे त्याला पाणी देणार आणि विचारणार, पण काडेपेटी कुणाची होती? सव्वीस वर्षं हे काम केल्यावर माणूस दुधानं न पोळताच ताक फुंकून प्यायला लागतो. कागद ते कायम तळापासून वर वाचत. लबाडी तळाशी असते, बारीक अक्षरात असते. मथळा म्हणजे दुकानाची पाटी, ती काय सगळ्यांचीच गोड. कंपनी त्यांच्यावर खूश होती. बाकी कुणी असल्याचं ऐकिवात नाही.

लेकीचं घरातलं नाव चिमी. वय सतरा. तिनं अर्ज केला, परीक्षा दिली, मुलाखत दिली, आणि हे सगळं फक्त आईला सांगून. वडिलांना सांगितलं असतं तर परीक्षेआधी परीक्षकांचीच परीक्षा झाली असती. तीनशे मुलांतून बारा निवडली, त्यांत ही होती. पत्रात लिहिलं होतं, वन्यजीव संवर्धनाची सवेतन उमेदवारी, गणवेश आणि गमबूट संग्रहालयाकडून. खाली अट होती. पालकाने शुक्रवारी चार वाजेपर्यंत समक्ष येऊन संमतीपत्रावर सही करावी, न आल्यास जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल.

“बाबा, शुक्रवार,” चिमी म्हणाली. “चार वाजेपर्यंत.”

“पण पैसे का देतात?”

“काम करणार म्हणून.”

“पण तुम्हाला काम तर येत नाही. शिकवणार आहेत ना?”

“करता करता शिकवणार.”

“म्हणजे काम न येणाऱ्या माणसाला पगार.”

“तुमच्या साहेबांना देतातच की,” आतून बायको म्हणाली.

हा मुद्दा बिनतोड होता, म्हणून पणसाहेबांनी तो ऐकला नाही. त्यांनी खिशातली चौकशीची वही काढली, नवं पान उघडलं आणि वर लिहिलं, ‘कुठंतरी पाणी मुरतंय.’ खाली दोन रेघा मारल्या.

चौकशी शेजारापासून सुरू करायची हा त्यांचा शिरस्ता. शेजारी होते निवृत्त पोस्टमास्तर. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण अजून कुणाचंही पत्र दिसलं की त्यांचा हात आपोआप पुढे यायचा.

“उमेदवारी मिळाली म्हणता?” पोस्टमास्तर म्हणाले. “वा. कुठल्या पक्षाकडून?”

“पक्षी नाहीत. सस्तन प्राणी म्हणत होती ती.”

पोस्टमास्तरांनी थोडा वेळ याचा राजकीय अर्थ लावायचा प्रयत्न केला. तो लागेना, तेव्हा त्यांनी पाकीट मागितलं, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि वास घेतला. “शिक्का खरा आहे,” ते म्हणाले. पणसाहेबांचा चेहरा पडला. त्याची त्यांना दया आली असावी, कारण लगेच ते पुढे म्हणाले, “पण खोट्या पत्रावरचा शिक्का नेहमी खराच असतो.”

वरच्या मजल्यावर शिकवणीवाल्या बाई राहात. त्यांना हे प्रकरण व्यक्तिशः लागलं. “वीस वर्षं शिकवतेय मी,” त्या म्हणाल्या, “एका कार्ट्याला कधी पैसे दिले नाहीत. देणाऱ्याच्या मनात काहीतरी असणार. आणि गमबूट का हो? चपलांनी काय घोडं मारलंय?”

पणसाहेबांनी लिहून घेतलं, ‘बूट. का?’ हा प्रश्न आपल्याला का सुचला नाही याचं त्यांना वाईट वाटलं.

अशा रीतीनं पाकिटाची, शिक्क्याची आणि बुटांची चौकशी झाली. सल्ले देणाऱ्यांपैकी एकानंही प्राणिसंग्रहालयात गेल्या दहा वर्षांत पाऊल टाकलेलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त इथं उंटाचाही पत्ता नव्हता. तेव्हा मंगळवारी पणसाहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरी न सांगता स्वतः निघाले. तपासाला जाताना घरी सांगून जायचं नसतं.

संग्रहालयाच्या दारात पहारेकरी तिकिटं फाडत होता.

“मी पालक,” पणसाहेब खालच्या आवाजात म्हणाले.

पहारेकऱ्यानं मान वर केली नाही. “पालक मागच्या दारानं. किती किलो?”

पणसाहेब क्षणभर थबकले. प्राण्यांजवळ जायचं म्हणजे वजन विचारत असतील, असा त्यांनी तर्क केला. “चौसष्ट,” ते म्हणाले.

“चौसष्टच? रोज शंभर लागतो. आत शिव्या खाल.”

रोज शंभर किलो पालक लागतो. पणसाहेबांनी हे वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलं. मागच्या दाराशी कोठी होती. तिथं गाजरांची पोती, केळ्यांचे घड आणि बर्फावर ठेवलेले मासे, आणि मध्ये जमिनीलगत एक भला मोठा वजनकाटा. कोठीवाल्यानं कानामागची पेन्सिल काढली.

“काय आणलंय?”

“पालक आहे मी.”

“चढवा काट्यावर.”

पणसाहेब चढले. नियम म्हणजे नियम. कोठीवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, त्यांच्या मागे पाहिलं.

“भाजी कुठंय?”

“कसली भाजी?”

“पालकाची.”

इतक्यात खराखुरा पालक हातगाडीवरून आला, हिरवागार, जुड्या बांधलेला, आणि पणसाहेब काट्यावरून खाली उतरले. हसू नये इतका कोठीवाला सभ्य होता, पण त्याचे मदतनीस नव्हते. “तुम्ही माणसातले पालक का?” तो म्हणाला. “मग असं सांगायचं ना. कार्यालयात जा, दोन नंबरची खिडकी.” ज्याच्या नुसत्या खाकरण्यानं दावेदार घामाघूम होतात अशा माणसाला गाजरांच्या साक्षीनं काट्यावरून उतरवलं गेलं होतं. हे ते विसरणार नव्हते.

दोन नंबरच्या खिडकीतला कारकून डबा खात होता. पणसाहेबांनी फक्त एवढंच म्हटलं, “पालक.” कारकुनानं डाव्या हातानं एक छापील फॉर्म सरकवला आणि उजव्या हातानं घास घेतला. चौकशी करायची तर आता करायला हवी होती. पण कोठीतली मुलं दारापर्यंत आली होती आणि कुणीतरी “जुडी कशी दिली?” असं विचारल्याचं पणसाहेबांच्या कानावर आलं. त्यांनी फॉर्म बॅगेत घातला आणि बाहेरचा रस्ता धरला.

बसमध्ये बसल्यावर त्यांनी तो उघडला आणि सवयीप्रमाणे तळापासून वाचायला घेतला.

‘९. पाल्य दगावल्यास पालकास पत्राने कळवण्यात येईल व त्याच आकाराचे दुसरे पाल्य देण्यात येईल.’

पणसाहेबांनी चष्मा पुसला. अक्षरं तीच राहिली.

‘८. पालकास दर रविवारी पाल्य लांबून पाहता येईल. पाल्यास खाऊ देऊ नये. खडे मारू नयेत.’

‘७. पाल्य संग्रहालयाच्या आवारातच राहील. पालकाने ते घरी नेण्याचा आग्रह धरू नये.’

पुढे वाचायची गरजच नव्हती. सव्वीस वर्षांत त्यांनी नाना तऱ्हेचे लबाड कागद पाहिले होते, पण इतका निर्लज्ज कागद पाहिला नव्हता. त्यांना घाम फुटला, आणि खरं सांगायचं तर त्या घामात थोडं समाधानही होतं. पाणी मुरतंय म्हणाले होते ते. इथं तर तळंच निघालं.

घरी आल्याबरोबर त्यांनी जाहीर केलं, “सही होणार नाही.”

“का पण?” बायको म्हणाली. सव्वीस वर्षांच्या संसारात हा शब्द तिलाही चिकटला होता.

“पुरावा आहे.”

“दाखवा.”

“तपास पुरा होईपर्यंत पुरावा दाखवत नसतात.”

चिमी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती रडली असती, भांडली असती, तर पणसाहेबांना सोपं गेलं असतं. भांडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते त्यांना ठाऊक होतं. ती म्हणाली, “बाबा, मला ही एकच गोष्ट हवी होती,” आणि आपल्या खोलीत गेली. गमबुटासाठी पायाचं माप लिहून ठेवलेला कागद टेबलावर होता, तो तिनं जाताना उचलला आणि चुरगळून टोपलीत टाकला. पणसाहेबांनी टोपलीकडे पाहिलं. पण लेक रविवारी लांबून बघायची आणि वर तिच्यावर खडे मारायचे नाहीत असं ऐकून घ्यायचं, हे कुठला बाप सहन करील, असं त्यांनी स्वतःला विचारलं आणि मन घट्ट केलं.

पुरावा बायकोला दाखवायचा नव्हता, शेजाऱ्यांना मात्र चालत होता. त्यांची गणती त्यांनी तज्ज्ञांत केली होती. ते कागदावर जिथं बोट ठेवत तेवढंच तज्ज्ञ वाचत.

“त्याच आकाराचं दुसरं पाल्य!” शिकवणीवाल्या बाईंनी खुर्चीचा हात धरला. “आणणार कुठून ते?”

“प्रतीक्षायादी असते ना,” पोस्टमास्तर गंभीरपणे म्हणाले. मग त्यांनी स्वतः हरकतीच्या पत्राचा मसुदा केला. पोस्टात जन्म गेलेला माणूस, पत्र तीन पानी झालं. ‘सबब माझे पाल्य मी आपल्या हवाली करण्यास साफ नकार देत असून’ हे वाक्य दीड पान चाललं होतं आणि त्यात कुठंही श्वास घ्यायला जागा नव्हती. पत्र टपालानं पाठवावं असं पणसाहेब म्हणाले, तर पोस्टमास्तरांनी मान हलवली. “टपालाचा काय भरवसा,” ते म्हणाले. हे त्यांच्या तोंडून ऐकल्यावर पत्र समक्ष न्यायचं ठरलं.

शुक्रवारी साडेतीनच्या सुमारास दोघं दोन नंबरच्या खिडकीशी उभे होते, पणसाहेब तक्रारदार म्हणून आणि पोस्टमास्तर साक्षीदार म्हणून. पहारेकऱ्याच्या दारावरून येताना पणसाहेबांनी तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं होतं.

“माझं पाल्य मी देणार नाही,” पणसाहेब म्हणाले.

“तुम्ही द्यायचं नसतंच,” कारकून म्हणाला. “आम्ही देतो. नर हवं की मादी?”

पणसाहेबांनी पोस्टमास्तरांकडे पाहिलं. पोस्टमास्तरांनी ‘लिहून घ्या’ अशी खूण केली.

“मुलगी आहे माझी. सतरा वर्षांची.”

“हां, मुलीच्या नावानं घेताय. पुष्कळ लोक घेतात, वाढदिवसाला वगैरे. माद्या दोनच शिल्लक आहेत. एक साळिंदर आणि एक तरस. तरस घेऊ नका असं माझं मत. रविवारी बघायला येतात आणि नाराज होऊन जातात.”

“शिल्लक?” पणसाहेबांचा आवाज चढला. “मुली शिल्लक? आणि ही अट? दगावल्यास दुसरं पाल्य? माणसं आहात का कोण?”

कारकुनानं फॉर्म हातात घेतला, नवव्या अटीकडे पाहिलं, पणसाहेबांकडे पाहिलं, आणि मग काही न बोलता बोट वर वर नेत कागदाच्या अगदी माथ्यावर ठेवलं. तिथं बोटभर जाड अक्षरात छापलं होतं, ‘प्राणी पालक योजना’. आणि त्याखाली, ‘आपल्या आवडत्या प्राण्याच्या वर्षभराच्या अन्नखर्चाचा भार उचला आणि त्याचे पालक व्हा.’ शेजारी हसऱ्या साळिंदराचं चित्रही होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं नसावं. पणसाहेबांनी मथळा वाचला. पुन्हा वाचला. आयुष्यात प्रथमच त्यांनी एखादा कागद वरून खाली वाचला, आणि त्यात कुठंही लबाडी नव्हती.

“मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो,” पोस्टमास्तर हळूच म्हणाले, “शिक्का खरा आहे.”

“मग मुलांचे पालक कुठं सही करतात?” पणसाहेबांनी विचारलं.

“उमेदवारीचे? शिक्षण विभाग. पार त्या टोकाला, पाणघोड्याच्या पलीकडे. पण चारला बंद करतात बरं का. बाई वेळेच्या पक्क्या आहेत.”

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजून गेले होते. पणसाहेब पळाले. चौपन्नाव्या वर्षी, हातात बॅग, पायात ऑफिसचे बूट, मागं निवृत्त पोस्टमास्तर. पहारेकऱ्यानं दुरून पाहिलं आणि हाक मारली, “पालक, मागच्या दारानं!” पण पणसाहेबांना आता मानापमानाची शुद्ध नव्हती. एका वळणावर चुकून ते माकडांच्या दालनात शिरले, तिथून बाहेर पडायला पाच मिनिटं गेली, आणि तेवढ्यात एका शाळेच्या सहलीनं दोघांना पाहून टाळ्या वाजवल्या. पळताना त्यांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती, टोपलीत पडलेला तो चुरगळलेला कागद. देवा, चार वाजू देऊ नकोस, असं ते मनात म्हणाले. कुठल्या देवाला म्हणाले याची त्यांनी चौकशी केली नाही.

शिक्षण विभागाच्या बाई टेबल आवरत होत्या. केस पिकलेले, खाकी सदरा, टेबलाखाली पायात गमबूट. त्यांनी धापा टाकणाऱ्या दोन पुरुषांकडे आळीपाळीनं पाहिलं.

“यातले वडील कोण?”

“मी,” पणसाहेब म्हणाले.

“आणि हे?”

“साक्षीदार.”

“साक्षीदार घेऊन येणारे वडील मी पहिल्यांदा बघतेय,” बाई म्हणाल्या. “ओळखपत्र?”

पणसाहेबांनी ऑफिसचं कार्ड काढलं. त्यावर ‘तपास अधिकारी’ असं होतं. बाईंची नजर आणखी बारीक झाली. “रागावू नका. काल एक मुलगा शेजाऱ्यालाच वडील म्हणून घेऊन आला होता. तेव्हापासून मी विचारते. तुमच्या मुलीनं कुठल्या प्राण्यांकडे काम मागितलंय?”

पणसाहेबांनी तोंड उघडलं. “सस्तन,” एवढंच बाहेर पडलं.

“बरं. तिला हे का करायचंय?”

सव्वीस वर्षं त्यांनी लोकांना असे प्रश्न विचारले होते आणि उत्तर न देणाऱ्याच्या नावापुढं फुली मारली होती. त्यांनी खिशातून वही काढली. अकरा पानं भरली होती. पाकीट, शिक्का, बूट, रोज शंभर किलो पालक. पोस्टमास्तरांचा जबाब होता, शिकवणीवाल्या बाईंचा होता. चिमीचा नव्हता. त्यांनी पानं दोनदा उलटली. मग वही मिटली आणि लाज वाटून म्हणाले, “मी तिला विचारलंच नाही.”

बाईंनी कपाटातून एक फाईल काढली, वरचा अर्ज उघडला आणि चष्मा लावून वाचायला लागल्या. “आम्ही विचारलं होतं, या कामाला लागणारा तुमच्यातला एक गुण सांगा. तिनं लिहिलंय, ‘मी सहजासहजी विश्वास ठेवत नाही. आजारी प्राणी आपलं दुखणं लपवतो. थाळी रिकामी दिसली म्हणजे त्यानं खाल्लं असं होत नाही. खाल्लं असेल, सांडलं असेल, दुसऱ्यानं पळवलं असेल. मी बघत राहीन आणि विचारत राहीन. लोक कंटाळतात याला, पण मला सवय आहे. माझे बाबा रोज हेच काम करतात. त्यांच्यामुळं किती खऱ्या माणसांना त्यांचे पैसे मिळाले हे ते घरी कधी सांगत नाहीत. मी त्यांच्या वहीत वाचलंय.’”

पोस्टमास्तरांनी उगाचच खिडकीबाहेर पाहिलं.

“बाकीच्या मुलांनी लिहिलं, आम्हाला प्राणी फार आवडतात,” बाई म्हणाल्या. “असं हिनं एकटीनं लिहिलं. आमच्याकडं नेमकं असंच माणूस मिळत नाही. पहिल्या नंबरानं घेतलीय तिला.”

पणसाहेबांना भरून आलं. त्यांनी ते लपवायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. आपल्या नोकरीबद्दल आजवर दावेदार बोलले होते, साहेब बोलले होते, बिल्डिंग बोलली होती. कुणी चांगलं बोललेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही पाणघोड्याच्या शेजारी बसून, परक्या बाईंच्या तोंडून.

चार वाजायला तीन मिनिटं होती. बाईंनी संमतीपत्र पुढं सरकवलं. चांगलं चार पानी होतं, तळाशी बारीक अक्षरात अटींची रांग. पणसाहेबांनी पेन काढलं, थेट शेवटचं पान उघडलं आणि सही केली.

पोस्टमास्तर दचकले. “अहो, अटी तरी वाचा.”

“मुलीनं वाचल्या असतील,” पणसाहेब म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

बाईंनी कागद आपल्याकडं ओढला. ती सही त्यांनी बराच वेळ न्याहाळली, मग ऑफिसचं कार्ड पुन्हा मागून घेतलं आणि त्यावरच्या सहीशी ती ताडून पाहिली. दोनदा.